अंगणातला खासगी विजेचा खांब पुन्हापुन्हा का कलतो?

महाराष्ट्रातून ऑस्ट्रेलियात येऊन राहिलेल्या माणसाला विजेचा खांब ही आपल्या मालकीची वस्तू असू शकते, हे सहसा सुचतच नाही. गावाकडे खांब वाकला किंवा तार लोंबू लागली की १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवायची, लाइनमनला गाठायचे आणि वाट पाहायची, एवढाच आपला अनुभव असतो. खांब आपल्या परसात उभा असला तरी तो महावितरणचा असतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात, विशेषतः पर्थच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातल्या मोठ्या भूखंडांवर, रस्त्यावरून आलेली तार आधी मालकाच्या हद्दीतल्या एका खांबावर उतरते आणि तेथून घराकडे जाते. हा खांब घरमालकाचा असतो, आणि त्याची तपासणी, दुरुस्ती व बदली घरमालकाने स्वतःच्या खर्चाने करायची असते.

आम्ही विकत घेतलेल्या जुन्या घराबरोबर जारा या स्थानिक कठीण लाकडाचा असा एक खांब आला होता. तीन हिवाळ्यांत तो तीन वेळा कलला. पहिल्या वेळी बुंध्याभोवती खडी ठासून तो सरळ केला, दुसऱ्या वेळी बुंध्याला काँक्रीटचा कट्टा बांधला, तिसऱ्या वेळी वाळवीचे औषध फवारून मागच्या बाजूला ताण देणारी स्टे वायर लावली. प्रत्येक वेळी सात-आठ महिने सर्व ठीक वाटले आणि पुढच्या पावसात खांब पुन्हा रस्त्याच्या दिशेने झुकला. चालू तारांच्या खांबाला सुटी कामे करणाऱ्या माणसाला हात लावू दिला, ही आमची पहिली चूक होती. दुसरी चूक अशी की आम्ही तिन्ही वेळा जमिनीच्या वर दिसणाऱ्या गोष्टीवर उपाय केला, आणि बिघाड मातीखालच्या पहिल्या वीतभर भागात होता.

खांब नेमका कोणाचा आहे, हे आधी ठरवावे

रस्त्यापासून घरापर्यंत तारेचा माग नजरेने घ्यावा. रस्त्याकडेच्या खांबावरून आपल्या हद्दीत येणारी तार, जिला येथे सर्व्हिस केबल म्हणतात, ती वीजजाळ्याच्या कंपनीची असते. पर्थ आणि राज्याच्या नैर्ऋत्य भागात ही कंपनी म्हणजे वेस्टर्न पॉवर. ती तार ज्या खांबावर येऊन बांधली जाते तो आपल्या जमिनीतला खांब आणि तेथून पुढे घराकडे, शेडकडे किंवा बोअरच्या पंपाकडे जाणाऱ्या तारा साधारणपणे आपल्या असतात. मीटरपेटी खांबावरच बसवलेली असेल तर गोंधळ होतो, कारण मीटर कंपनीचे, पेटी आणि खांब आपले, असा तो संसार असतो. शंका असल्यास कंपनीला फोन करून खांबाची मालकी विचारावी आणि उत्तर लेखी मागावे. जुन्या भूखंडाचे पुढे दोन तुकडे झाले असतील तर एकाच खांबावरून शेजाऱ्याचीही तार गेलेली असू शकते. तसे असल्यास खर्चाचे बोलणे खांब पडण्यापूर्वी करणे शहाणपणाचे. भाड्याने राहणाऱ्यांनी स्वतः काही करू नये. खांबाची छायाचित्रे काढून घरमालकाला किंवा त्याच्या एजंटला लेखी कळवावे.

या मालकीच्या मांडणीतून एक व्यावहारिक अडचण निघते. खांब आपला असला तरी त्याच्या माथ्यावर कंपनीची चालू तार बांधलेली असते, त्यामुळे घरातला मेन स्विच बंद केला म्हणून खांब निर्धोक होत नाही. खांब सरळ करणे, स्टे वायर ओढणे किंवा माथ्यावर तारा पेलणारी आडवी पट्टी बदलणे यांपैकी कोणत्याही कामासाठी कंपनीकडून पुरवठा खंडित करून घ्यावा लागतो.

इतर राज्यांत नावे आणि नियम बदलतात. न्यू साउथ वेल्समध्ये अशा कामासाठी लेव्हल टू दर्जाचा मान्यताप्राप्त सेवादार लागतो. व्हिक्टोरियात वणव्याचा धोका जास्त असलेल्या भागांतील खासगी वाहिन्यांची ठरावीक काळाने तपासणी वीज वितरण कंपनीच करते, परंतु दोष सापडल्यास दुरुस्ती मालकालाच करावी लागते. पुढील विवेचन पश्चिम ऑस्ट्रेलियापुरते आहे. लाकूड कुजण्याची रीत मात्र सगळीकडे एकच.

ही लक्षणे दिसल्यास तपासणी करत बसू नये

खांब एका-दोन दिवसांत अचानक कलला असेल, तार हाताच्या उंचीपर्यंत खाली आली असेल, माथ्यावर ठिणग्या दिसत असतील किंवा जळल्याचा वास येत असेल, तर खांबाजवळ जाऊ नये. तार जमिनीवर पडली असेल तर किमान आठ-दहा मीटर दूर राहावे, मुलांना व जनावरांना लांब ठेवावे आणि वेस्टर्न पॉवरच्या आपत्कालीन १३ १३ ५१ या क्रमांकावर फोन करावा. आग किंवा जिवाला धोका असल्यास ०००. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येणे, हेही याच यादीतले लक्षण आहे. खांब हलल्यामुळे माथ्यावरची न्यूट्रलची जोडणी सैल होते, परतीचा प्रवाह अर्थिंगमार्गे घराच्या धातूच्या नळांत उतरतो, आणि बागेतला ओला नळ जीवघेणा ठरू शकतो. वारा सुटला की दिवे मंद-प्रखर होत असतील, तर त्याचेही मूळ बहुधा त्याच जोडणीत असते. दिवे लुकलुकतात म्हणून बल्ब बदलत राहण्यात आम्ही एक आख्खा हिवाळा घालवला.

बिघाड कोठे असतो आणि का

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही, म्हणून जमिनीच्या वरचा, ऊन-वारा लागणारा भाग वर्षानुवर्षे टणक राहतो. खूप खोल मातीत ओल असते पण हवा कमी पोहोचते, त्यामुळे खांबाचे बूडही बऱ्याचदा शाबूत निघते. या दोहोंच्या मधला, जमिनीच्या पातळीपासून साधारण फूटभर खालपर्यंतचा पट्टा बुरशीला दोन्ही गोष्टी पुरवतो. दुर्दैवाने खांबाला वाकवणाऱ्या जोराचा सर्वाधिक ताण याच पातळीवर येतो.

आमच्या टेकडीवरची जमीन पाहून कोकणातल्या माणसाला घरची आठवण व्हावी, अशी आहे. डार्लिंग डोंगररांगेच्या माथ्यावर आपल्याकडच्या जांभ्याचाच भाऊ शोभेल असा लाल, खडेदार थर आहे आणि त्याखाली चिकणमाती. मे ते सप्टेंबरच्या पावसात पाणी खड्यांमधून झरझर उतरते आणि मातीच्या थरावर साचून राहते. वरून पाहणाऱ्याला जमीन कोरडी दिसते. खांबाचा बुंधा मात्र त्या वेळी ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा असतो. हिरवळीसाठी लावलेल्या तुषार-नळीचा फवारा रोज खांबावर पडत असेल तर उन्हाळाही त्याला पावसाळाच होतो.

वाळवीचे गणित याला जोडूनच येते. येथील वाळवी बहुधा जवळच्या युकॅलिप्टसच्या पोकळ खोडात किंवा जुन्या बुंध्यात वसाहत करते आणि मातीखालून वाटा काढत खांबापर्यंत पोहोचते. खांबाच्या पृष्ठभागावर औषध मारले की तेथे आलेल्या वाळव्या मरतात आणि उरलेल्या माघार घेतात, पण वसाहत जागच्या जागी राहते. म्हणून मातीचे बोगदे दिसल्यावर ते खरवडून टाकण्याचा मोह आवरावा आणि कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकाला ते तसेच दाखवावेत. चाहूल लागलेली वाळवी दुसऱ्या वाटेने येते आणि माग काढणे अवघड होते.

तपासणीची रीत

जमिनीवर उभे राहून करता येईल तेवढीच तपासणी घरमालकाने करावी. शिडी लावू नये. प्रथम थोड्या अंतरावरून, दोन काटकोनातल्या दिशांनी, हातात ओळंबा धरून खांबाची कड त्याच्या दोरीशी ताडून पाहावी आणि त्याच जागेवरून छायाचित्र काढून ठेवावे. खांब कललेला आहे यापेक्षा कल वाढतो आहे का, हे महत्त्वाचे. वर्षानुवर्षे तेवढाच कललेला खांब एक वेळ निर्धोक असू शकतो, पण दोन महिन्यांत बोटभर सरकलेला खांब नसतो. कल तारेच्या ओढीच्या दिशेने असेल तर बुंधा किंवा स्टे वायर दगा देते आहे असे समजावे. तो आडव्या दिशेने असेल तर बहुधा माती धुपली आहे किंवा शेजारी अलीकडे कोणी खणले आहे.

त्यानंतर नजर माथ्याकडे न्यावी. आडवी पट्टी तिरपी झाली आहे का, तिच्या टोकांना उभ्या चिरा पडल्या आहेत का, चिनीमातीचा इन्सुलेटर पिनेवर झुकला आहे का, तारांमध्ये अंतर राखणारे स्पेसर गळून पडले आहेत का आणि फांद्या किती जवळ आल्या आहेत, हे दुर्बिणीतून चांगले दिसते. उघड्या तारा सैल होऊन वाऱ्यात एकमेकींवर आपटल्या तर वितळलेल्या धातूचे कण खाली पडतात, आणि जानेवारीतल्या गवताला तेवढे पुरेसे असते.

खांब पुरेसा स्थिर वाटत असेल तरच बुंध्याची तपासणी करावी. साध्या हातोडीने जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत चारही बाजूंनी हलके ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते आणि हातोडी उसळते. पोकळ लाकूड ढोलासारखे घुमते. कुजलेल्या लाकडावर आवाज बसका येतो आणि हातोडी रुतल्यासारखी वाटते. एवढ्यावर निष्कर्ष काढू नये, कारण आमचा खांब जमिनीवर अगदी देवळातल्या घंटेसारखा वाजत होता. खरी परीक्षा मातीखाली आहे. खुरप्याने बुंध्याच्या एका बाजूची माती सुमारे ३०० मिलिमीटरपर्यंत काढावी, जाड स्क्रूड्रायव्हर लाकडात दाबून पाहावा, माती पुन्हा घालून घट्ट चोपावी आणि मगच दुसरी बाजू उघडावी. चारही बाजू एकदम उघड्या केल्यास खांबाचा उरलासुरला आधार आपणच काढून घेतो. खांबावरून उतरलेली अर्थिंगची तार आणि भूमिगत केबल तेथेच असू शकते, म्हणून पहार किंवा कुदळ वापरू नये. खणण्यापूर्वी ‘बिफोर यू डिग ऑस्ट्रेलिया’ या मोफत सेवेकडून नकाशे मागवता येतात, मात्र मीटरच्या पुढच्या खासगी केबल त्यांत दाखवलेल्या नसतात. स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला, लाकडाचा भुगा ओला व चॉकलेटी निघाला किंवा तंतू चौकोनी तुकड्यांत मोडू लागले, तर तपासणी तेथेच थांबवावी, माती भरावी आणि परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराला बोलवावे.

लोखंडी खांब असला तरी मातीच्या पातळीची ही कसोटी टळत नाही. जस्ताचा मुलामा असलेला खांबही माती व हवा मिळतात त्याच पट्ट्यात गंजतो. रंगाचे फुगे आणि पापुद्रे तेथे शोधावेत.

थोडे गणित, कारण त्यावरच निर्णय ठरतो

गोल खांबाची वाकण्याला तोंड देण्याची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. २५० मिलिमीटर व्यासाचा खांब बाहेरून सगळीकडून २५ मिलिमीटर कुजला तर व्यास २०० उरतो, आणि ताकद जवळपास निम्म्यावर, म्हणजे ५१ टक्क्यांवर येते. उलट तोच खांब बाहेरून शाबूत असून आतून १२५ मिलिमीटर पोकळ झाला असेल तर हिशोबाने ९४ टक्के ताकद उरते. पोकळी २०० मिलिमीटरची झाली आणि केवळ २५ मिलिमीटरची साल उरली, तर ५९ टक्के. म्हणून आतल्या पोकळीपेक्षा बाहेरून, मातीलगत गेलेला भाग अधिक घातक असतो, हे बहुतेकांच्या समजुतीच्या उलट आहे. अर्थात पातळ सालीला उभी चीर पडली तर हे आकडे निकामी ठरतात; ते कागदावर बसून खांब वाचवण्यासाठी नाहीत, किती थोड्या कुजण्याने किती ताकद जाते हे समजण्यासाठी आहेत.

आमचे तिन्ही उपाय का फसले

खडी ठासल्याने खांब सरळ झाला, पण बुंध्याचे लाकूड होते तेवढेच राहिले. काँक्रीटच्या कट्ट्याने तर नुकसानच केले. लाकूड सुकताना आकसते, त्यामुळे काही महिन्यांतच खांब आणि कट्टा यांच्यामध्ये बारीक फट पडली. पाऊस त्या फटीतून आत जाऊ लागला आणि बाहेर पडण्यास वाट उरली नाही. शिवाय कट्ट्यामुळे नेमका तपासायचा भाग झाकला गेला. स्टे वायरने कल थांबला असे वाटले, परंतु कुजलेल्या बुंध्याला दोन्हीकडून ओढल्याने तो मजबूत होत नाही. खांबावर खाली दाबणारा भार उलट वाढतो. आपल्याकडे मांडवाच्या मेढीला डांबर फासतात तसे येथे जुने लोक गाडीचे वापरलेले तेल खांबाच्या बुडाला ओततात. तेही पृष्ठभागावरच राहते आणि लाकूड तडकले की बुरशीला नवी दारे मिळतात.

खांब शेवटी काढला तेव्हा काँक्रीटच्या कट्ट्यात अडकलेले लाकूड बोटाने कुस्करता येत होते. कट्ट्याच्या वर आणि खाली ते ठणठणीत होते.

दुर्लक्षाची किंमत काय असू शकते

१२ जानेवारी २०१४ रोजी पर्थजवळच्या पार्करव्हिलमध्ये एका घराच्या आवारातला असाच खासगी जारा खांब कोसळला. जमिनीखालचा भाग बुरशीने व वाळवीने पोखरलेला होता. ठिणग्या सुक्या गवतात पडल्या आणि त्या वणव्यात ५७ घरे जळाली. त्याआधी जुलै २०१३ मध्ये वीज कंपनीच्या कंत्राटदाराचे पथक त्याच जोडणीवर काम करून गेले होते, पण खासगी खांबाची पुरेशी तपासणी त्यांनी केली नाही. खटल्याच्या पहिल्या निकालात कंत्राटदार ७० टक्के व खांबाची मालक असलेली महिला ३० टक्के जबाबदार ठरली. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ही वाटणी वेस्टर्न पॉवर ५०, कंत्राटदार ३५ आणि मालक १५ टक्के अशी बदलली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायालयाने, वेस्टर्न पॉवरचे अपील फेटाळले. कंपनीवर काळजी घेण्याचे कर्तव्य आहे हे त्यातून ठरले, ही चांगलीच गोष्ट. परंतु मालकाचा वाटा पुसला गेला नाही, हे घरमालकाने विसरू नये. घराच्या विम्यात तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण किती आहे, हे या निमित्ताने वाचून पाहावे. हळूहळू कुजणे आणि वाळवी या दोन गोष्टी बहुतेक विमापत्रांत वगळलेल्या असतात.

कायमचा उपाय कोणता

बुंध्यालगत पोलादी आधार ठोकून लाकडी खांबाचे आयुष्य वाढवण्याची पद्धत वीज कंपन्या वापरतात, पण त्यासाठी वरचे लाकूड शाबूत असावे लागते आणि मोजमाप जाणकाराने करावे लागते. एकाच घरगुती खांबासाठी हा खटाटोप परवडतोच असे नाही. माझ्या मते एकदा मातीखाली कूज सापडली की लाकडावर आणखी पैसा घालू नये.

हद्दीपासून घर जवळ असेल तर वीज भूमिगत करून घेणे सर्वांत चांगले: खांब, आडवी पट्टी, वारा आणि फांद्या हे चारही प्रश्न एकदम संपतात. केबल साधारणतः किमान ५०० मिलिमीटर खोल, योग्य पाइपमधून जाते आणि तिच्यावर नारिंगी इशारापट्टी अंथरली जाते. आमच्या जांभ्यासारख्या कठीण जमिनीत चर खणण्याचा खर्चच केबलपेक्षा जास्त होतो, ही मात्र खरी अडचण. अंतर लांब असेल तर जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी खांब आणि उघड्या तारांऐवजी पिळाची आवेष्टित केबल हा मध्यम मार्ग आम्ही स्वीकारला. खांब किती खोल गाडावा यासाठी लांबीचा दहावा भाग अधिक ०.६ मीटर असा ढोबळ नियम आहे. आठ मीटरच्या खांबाला तो १.४ मीटर येतो. भारतातला लांबीच्या एकषष्ठांशाचा नियम लावला तरी उत्तर जवळपास तेच निघते. कंत्राटदाराचे दरपत्रक आले की त्यात ही खोली, कंपनीकडून पुरवठा खंडित व पुन्हा जोडून घेण्याची जबाबदारी, जुना खांब नेण्याचा खर्च आणि मीटरपेटी हलवावी लागल्यास तिचा खर्च लिहिलेला आहे का, ते पाहावे. काम संपल्यावर २८ दिवसांच्या आत इलेक्ट्रिकल सेफ्टी सर्टिफिकेट मिळायला हवे. घर विकताना नवा मालक तेच आधी मागेल. जुना खांब हिरवट छटेचा, रसायने मुरवलेल्या पाइनचा असेल तर तो कापून शेगडीत जाळू नये, कारण त्या रसायनांत आर्सेनिक असते आणि ते धुरात व राखेत उतरते. असे लाकूड मान्यताप्राप्त कचराकेंद्रातच द्यावे.

नव्या खांबाभोवती आम्ही माती थोडी उंच करून उतार बाहेर काढला आहे, तुषार-नळीचे तोंड फिरवले आहे आणि चहूबाजूंनी दोन मीटरपर्यंत गवत ठेवत नाही. वार्षिक तपासणीचा दिवस आम्ही खंडेनवमीचा धरला आहे. येथे तो वसंतात येतो, पाऊस सरत आलेला असतो, वणव्यांचा हंगाम अजून सुरू झालेला नसतो आणि माती खुरप्याला सहज दाद देते. हत्यारांची पूजा झाली की तीच हातोडी आणि ओळंबा घेऊन आम्ही खांबाकडे जातो.